सीडीचं पान कुठे गेलं?

"सर, सीडीचं पानच न्हाई की!" बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या लिनक्सच्या वर्गात दरवर्षी कुणी ना कुणी हे म्हणतंच. बहुधा खानापूर नाहीतर निपाणीकडून आलेलं पोर असतं. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात 'मॅन' ही कमांड दुसऱ्या कमांडचं माहितीचं पान दाखवते. फायलींची यादी देणाऱ्या एलएससाठी 'मॅन एलएस' दिल्यावर पडदाभर माहिती येते, एका डिरेक्टरीतून (फोल्डरमधून) दुसरीत नेणाऱ्या सीडीसाठी 'मॅन सीडी' दिलं की मशीन म्हणतं, अशी नोंदच नाही. दिवसातून शंभरदा लागणारी कमांड, आणि तिलाच पान नाही! प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र 50 वर्षांहून जुनं आहे.

लिनक्सचा पूर्वज युनिक्स पीडीपी-7 या यंत्रावर घडत होतं, तेव्हा डिरेक्टरी बदलणारी, आजच्या सीडीचं काम करणारी 'सीएचडीआयआर' ही इतरांसारखीच साधी कमांड होती. मग केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या त्या यंत्रणेत फोर्क आलं, म्हणजे प्रत्येक कमांडसाठी वेगळी प्रोसेस (स्वतंत्रपणे चालणारा प्रोग्रॅम), आणि सीएचडीआयआर चालेनाशी झाली. फोर्कमुळे ती बिघडलीच कशी, हे शोधायला सगळ्यांनी कोड पुन्हा पुन्हा वाचला, असं रिची यांनी पुढे लिहून ठेवलं. खरं तर बिघडलं काहीच नव्हतं. नवी प्रोसेस इमानाने डिरेक्टरी बदलत होती आणि लगेच संपत होती. आपण टाइप केलेल्या कमांड घेऊन चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे शेल, होता तिथेच राहत होता. वर्गात मी सांगतो, खानापुरात बसून पोराला लोंढ्याला धाडलं, म्हणून आपण लोंढ्याला पोचत नाही. जायचं तर स्वतः उठायला हवं. म्हणून ही कमांड शेलच्या पोटात घेतली गेली. बिल्ट-इनचा, म्हणजे शेलच्या आतच असलेल्या कमांडचा, जन्म हा असा नाइलाजातून झाला.

1971 च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये सीएचडीआयआरला स्वतःचं पान होतं, आणि ती शेलनेच का चालवावी लागते हेही त्यात लिहिलं होतं. मला ते फार मोलाचं वाटतं. माहिती आणि तिचं कारण एकाच जागी होतं.

मजकूर पडद्यावर छापणाऱ्या इको या कमांडची गोष्ट वेगळी. ती बाहेर राहूनही चालते, पण प्रत्येक वेळी नवी प्रोसेस काढायला वेळ जातो, म्हणून पुढच्या शेलांनी तीही आत घेतली. घोळ इथून सुरू झाला. बॅश या शेलमध्ये 'टाइप -ए इको' द्या, म्हणजे इको कुठे कुठे आहे ते दिसतं: एक इको शेलमधली, दुसरी डिस्कवरची. चालते पहिली, 'मॅन इको' दाखवतं दुसरीचं पान. तुमच्या शेलची इको निराळी असू शकते, हे त्या पानावरच लिहिलेलं आहे, पण पान तळापर्यंत वाचतं कोण?

1989 मध्ये आलेल्या बॅशचं मॅन पान अवाढव्य आहे, आणि बिल्ट-इन त्याच्या पोटात दडलेले. त्यांच्यासाठी बॅशमध्ये 'हेल्प' आहे. 'हेल्प सीडी' दिलं की हवं ते लगेच समोर येतं. पण हेल्प स्वतःही बिल्ट-इनच, म्हणजे ज्या शेलमध्ये ती आहे तिथेच चालणार. 2006 मध्ये उबुंटूने 'एसएच' या नावाने चालणाऱ्या शेलच्या जागी बॅशऐवजी डॅश हा दुसरा शेल आणला, आणि डॅशमध्ये हेल्प नाही.

त्या बदलाचा फटका मीही खाल्लाय. एका कारखान्यासाठी लिहिलेली माझी स्क्रिप्ट बॅशमध्ये नीट चालायची. तिथल्या मशीनवर 'एसएच'ने चालवली तर अहवालाच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला 'हायफन ई' छापून आलं. मी इकोला 'हायफन ई' हा पर्याय दिला होता; डॅशच्या इकोला तो पर्यायच माहीत नाही, त्याने तो मजकूर समजून छापला. त्या रात्री सगळ्या ओळींत इको काढून प्रिंटएफ ही छापणारी दुसरी कमांड घातली. आता वर्गात सीडीचा प्रश्न आला, की पोरांना आधी 'टाइप सीडी' द्यायला लावतो. मशीन सांगतं, ही शेलचीच. मग 'हेल्प सीडी'.