साठ फ्रेम म्हणजे साठ चित्रं नव्हेत

लॅमिंग्टन रोडवरून व्हिडिओ गेमची कार्ट्रिज आणायचो तेव्हापासून एक गोष्ट ऐकत आलोय: गेम सेकंदाला 60 फ्रेमने चालतो, म्हणजे हिरोची सेकंदाला 60 चित्रं हवीत. परवा दादरला लोकलची वाट बघताना एका कॉलेजच्या पोराने हेच ऐकवलं. एवढी चित्रं कोण काढणार म्हणून पठ्ठ्याने गेमच गुंडाळून ठेवला होता!

अरे बाबा, 60 फ्रेम म्हणजे सेकंदाला 60 वेळा पडदा रंगवला जातो, चित्र तेवढ्यांदा बदलत नाही. चालायला आठ चित्रं रग्गड झाली. ती एकाच लांबट प्रतिमेत ओळीने असतात, तिला स्प्राइट शीट म्हणतात. प्रत्येक चित्र 64 पिक्सेल रुंद असेल, तर शून्यापासून मोजून (0, 1, 2, 3) तिसऱ्या क्रमांकाचं चित्र 192 व्या पिक्सेलला सुरू होतं. तेवढाच चौकोन उचलून पडद्यावर ठेवायचा. एक चित्र 0.1 सेकंद टिकवलं, तर तेच सलग सहा फ्रेम दिसतं. हिरोची जागा मात्र दर फ्रेमला थोडी सरकते, म्हणून चाल अडखळत नाही.

खरी गोम घड्याळात आहे. फ्रेम मोजून चित्र बदललंत, तर 120 हर्ट्‌झच्या, म्हणजे सेकंदाला 120 वेळा पडदा रंगवणाऱ्या, फोनवर पाय दुप्पट वेगाने हलतात. म्हणून दर फ्रेमला गेलेला वेळ साठवत जायचा, साठा 0.1 सेकंद भरला की तेवढाच वजा करायचा आणि पुढचं चित्र घ्यायचं. साठा शून्य करू नका. उरलेला चिल्लर वेळ वाया जातो आणि चाल मंदावते.

डावीकडे चालायला? तीच आठ चित्रं आरशासारखी उलटी.