मोनोवायची दुसरी व्यक्ती आणि शेवटची रेल्वे: एक खुलासा

अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या बॉइड काउंटीतील मोनोवाय या गावाविषयी दोन समज वर्षानुवर्षे फिरत आहेत: रेल्वे बंद झाल्यामुळे गाव ओस पडले आणि 2020 च्या जनगणनेत तेथे दुसरी व्यक्ती राहायला आली. हे दोन्ही चुकीचे आहेत.

रेल्वेमार्ग या भागात आला तेव्हा, म्हणजे 1902 च्या सुमारास, हे गाव वसले. 1930 मध्ये येथे 123 माणसे होती. 1950 मध्ये 67, 1960 मध्ये 40 आणि 1970 मध्ये अवघी 16 उरली. शेवटची गाडी मात्र 1971 मध्ये धावली. म्हणजे रेल्वे जाण्यापूर्वीच गाव रिकामे झाले होते, कारण यंत्रांमुळे शेतीला मनुष्यबळ कमी लागू लागले आणि तरुण मंडळी कामासाठी शहरांकडे गेली. रेल्वे बंद होणे हे कारण नव्हे, फार तर त्या ओहोटीचाच एक भाग होता.

2000 मध्ये येथे एक दांपत्य राहत होते. 2004 मध्ये पतीचे निधन झाल्यावर पत्नी एकट्या उरल्या. महापौर, कारकून, खजिनदार आणि ग्रंथपाल ही सारी कामे त्याच पाहत. गावच्या मद्यालयाच्या परवान्यावर महापौर म्हणून सहीही त्यांचीच. 2020 च्या आकडेवारीत मात्र लोकसंख्या 2 दिसते. नागरिकांची ओळख उघड होऊ नये म्हणून जनगणना विभाग लहान वस्त्यांच्या आकड्यांत हेतुपुरस्सर किंचित फेरफार करतो. राज्याची एकूण लोकसंख्या मात्र जशीच्या तशी ठेवली जाते. ही दुसरी ‘व्यक्ती’ त्या फेरफारातून आली आहे.