‘स्वतःला मदत करणाऱ्यालाच देव मदत करतो’: हे बायबलमध्ये आहे का?

‘जो स्वतःला मदत करतो, त्यालाच देव मदत करतो – बायबल’ हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. नागपुरात सदर-मोहननगरकडच्या ग्रुपवर कुणाच्या ऑपरेशनसाठी वर्गणीची विनंती आली, की त्याखालीही तो दिसतो.

हे वाक्य बायबलच्या कोणत्याही पुस्तकात नाही. ते इतकं कानावर पडलेलं आहे, की खरं वाटणं साहजिकच. पाठवणाऱ्याला पुस्तक, अध्याय आणि वचन क्रमांक विचारा, किंवा मराठी बायबलच्या अ‍ॅपमध्ये शोधून पाहा. हा विचार जुन्या ग्रीक बोधकथांत मात्र सापडतो.

मग ‘काम न करणाऱ्याने खाऊ नये’ याचं काय? ते खरंच बायबलमध्ये आहे, २ थेस्सलनीकाकरांस ३:१० मध्ये. पण तिथे बोट आहे काम करायची इच्छाच नसलेल्याकडे. आजारी किंवा काम न मिळालेल्याकडे नाही. तीनच वचनांनी पुढे, चांगलं करताना थकू नका, असंही सांगितलंय.

उलट लेवीय १९:९-१० वाचा. शेताच्या कडेचं पीक कापू नका, द्राक्षमळ्यात पडलेली फळं वेचू नका. ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. घेणाऱ्याची पात्रता तपासायला तिथे सांगितलेलं नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. गडचिरोली-यवतमाळहून नागपूरच्या मेडिकलला (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) पेशंट घेऊन आलेला अनोळखी माणूस याच ‘परक्या’त येतो.

वर्गणीची सक्तीही नको: २ करिंथकरांस ९:७ नुसार प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे, आनंदाने द्यावं.