नीतिमान ठरणं आणि पवित्र होत जाणं: आधी काय, मग काय?

घरात कुणावर तरी विनाकारण आवाज चढतो. रात्री प्रार्थनेची वेळ होते आणि मन मागे सरतं: आज नको, दोन दिवस नीट वागू, मग देवासमोर जाऊ. वरवर ही नम्रता वाटते. माझ्या मते ही दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे, आणि तिच्यापायी कितीतरी प्रामाणिक विश्वासणारे थकून गेलेले असतात.

नीतिमान ठरणं हा देवाचा निकाल आहे. येशूच्या मरणामुळे आणि पुनरुत्थानामुळे, त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्याला देव नीतिमान म्हणून स्वीकारतो. त्यात कमी-जास्त नसतं. काल विश्वास ठेवलेला माणूस आणि आयुष्यभर सेवा केलेला पाळक, दोघं देवापुढे सारखेच नीतिमान. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या अपराध्याला सुधारायला एक दिवसही उरला नव्हता. तरी त्याच दिवशी येशूबरोबर सुखलोकात असण्याचं वचन त्याला मिळालं.

पवित्र होत जाणं मात्र आयुष्यभर चालतं. पवित्र आत्मा आपला स्वभाव, सवयी, जीभ, पैशाचा व्यवहार हळूहळू ख्रिस्तासारखा करत जातो. इथे कमी-जास्त असतं, घसरणंही असतं, आणि आपल्याला झटावं लागतं. फिलिप्पैकरांस पत्राच्या 2ऱ्या अध्यायात प्रेषित पौल एका दमात दोन्ही सांगतो: भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, कारण तुमच्यामध्ये इच्छा आणि कृती घडवून आणणारा देवच आहे.

दोन्हींचा क्रम जक्कयाच्या घरी स्पष्ट दिसतो (लूक 19). झाडावर चढलेल्या त्या मुख्य जकातदाराला येशू नावाने हाक मारतो आणि म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. आधी पैसे परत कर, अशी अट नाही. लोक कुरकुर करतात ती त्यामुळेच. त्यानंतर जक्कय उभा राहून अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचं आणि लुबाडलेल्याची चौपट भरपाई करायचं कबूल करतो. स्वतःहून अपराध कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, एवढंच नियमशास्त्र मागत होतं (गणना 5:7). स्वीकार झालेला माणूस किती सैल हाताने देतो, ते इथे पाहावं. चौपट देऊन त्याने येशूला घरी बोलावलं असतं, तर ती गोष्टच वेगळी झाली असती.

पौल आणि नव्या करारातलं याकोबाचं पत्र लिहिणारा याकोब परस्परविरोधी बोलतात असं वाटतं, तेही याच ठिकाणी. दोघं अब्राहामाचंच उदाहरण देतात. पौल रोमकरांस पत्रात उत्पत्तीच्या 15व्या अध्यायावर भर देतो: अब्राहामाने विश्वास ठेवला आणि ते नीतिमत्त्व गणलं गेलं. याकोब तेच वचन सांगतो, पण पुढे 22व्या अध्यायापर्यंत, अब्राहामाने मुलगा इसहाक याला अर्पण करायला नेलं तिथपर्यंत जातो. मधल्या काळात अनेक वर्षं गेली आहेत. त्या विश्वासाला कृतीचं फळ आलं का, हे याकोब पाहतो.

सगळ्या ख्रिस्ती परंपरा ही रेघ सारखी ओढत नाहीत, हेही सांगायला हवं. 1547 साली रोमन कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने अंतःकरणाचं नवीकरण नीतिमान ठरण्यातच धरलं. प्रोटेस्टंट सुधारकांनी दोन्ही वेगळी मांडली. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या आउग्सबर्ग इथे लुथरन जागतिक महासंघ (सुधारक मार्टिन लूथरच्या परंपरेतल्या चर्चांचा संघ) आणि रोमन कॅथलिक चर्च यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. देव आपल्या कृपेनेच स्वीकारतो आणि तोच पवित्र आत्मा देऊन सत्कर्मांसाठी सिद्ध करतो, हे त्यात दोघांनीही मान्य केलं.

उलट्या बाजूची चूकही तितकीच घातक आहे. "देव क्षमा करतोच" म्हणत तोच राग, तोच खोटा हिशोब चालू ठेवायचा. कृपा वाढावी म्हणून पापात राहावं काय, असं विचारून पौल रोमकरांस पत्राच्या 6व्या अध्यायात ठाम नकार देतो.

म्हणून ज्याचा घरात आवाज चढला, त्याने प्रार्थना त्याच रात्री करावी. निकाल संध्याकाळी बदललेला नाही. आणि जिच्यावर किंवा ज्याच्यावर आवाज चढला, त्या माणसाकडे जाऊन माफी मागावी, "पण तूसुद्धा..." हे शब्द न जोडता.