एका नावाखालचे दोन प्राणी: म्हाकूल आणि ऑक्टोपस

म्हाकूल, म्हणजे गोव्यातली माणकी किंवा हॉटेलांतले स्क्विड, आणि ऑक्टोपस हे वेगळे प्राणी आहेत, हे ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच लिहून ठेवले होते. बाहू दोघांनाही आठ. पण म्हाकुलाला त्यांखेरीज भक्ष्य तोंडाशी ओढणारे दोन लांब स्पर्शक असतात आणि अंगात एक कडक पाते असते, जे ऑक्टोपसमध्ये नसते, ही निरीक्षणे त्याचीच. वादळात म्हाकूल याच स्पर्शकांनी नांगर टाकल्यासारखे खडकाला धरून राहते, असेही तो सांगतो. हा भाग बहुधा मच्छीमारांकडून ऐकलेला असावा.

१७५८ मध्ये लिनियसने प्राण्यांना द्विनामे दिली तेव्हा हा भेद मागे पडला, कारण त्याने दोघांनाही ‘सेपिया’ या एकाच प्रजातीत घातले. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये कुव्हिए आणि लामार्क यांनी ती प्रजाती फोडली, आणि पुढे इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ विल्यम लीच याने अष्टपाद व दशपाद असे गणच वेगळे केले. दुर्दैवाने ‘दशपाद’ हे नाव कोळंबी-खेकड्यांना आधीच मिळालेले होते. याच कुव्हिएचा सावत्र मुलगा आल्फ्रेड दुव्होसेल हा भारतात प्राण्यांचे नमुने गोळा करीत असे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नेहमीच्या म्हाकुलाच्या शास्त्रीय नावात, आणि बाराशिंग्याच्याही, तोच आहे.

शास्त्रज्ञांनी प्रजाती वेगळ्या केल्या, तरी दंतकथांतली सरमिसळ चालूच राहिली. जहाजे गिळणारा नॉर्वेचा क्राकेन १८०० च्या सुमारास द मोंफोर या फ्रेंच अभ्यासकाने अवाढव्य ऑक्टोपस म्हणून रंगवला होता. १८५३ मध्ये डेन्मार्कच्या किनाऱ्यावर एक प्रचंड प्राणी वाहून आला. लोकांनी त्याचे तुकडे आमिषासाठी नेले, पण त्याची चोच यापेटुस स्टेनस्ट्रुप याच्या हाती लागली आणि १८५७ मध्ये त्याने या राक्षसाला ‘आर्किट्यूथिस’ असे नाव देऊन त्याची गणना म्हाकुलांत केली.

उलट दिशेची गल्लत १९०३ मधली आहे. खोल समुद्रातल्या ‘व्हॅम्पायरोट्यूथिस’ला कार्ल खुन याने ऑक्टोपस मानले, पण नाव मात्र म्हाकुलाचे दिले, कारण ‘ट्यूथिस’ हा ॲरिस्टॉटलचाच म्हाकुलासाठीचा शब्द. आठ बाहूंशिवाय त्याला दोन बारीक तंतू असल्याने ते स्पर्शकच असावेत असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु म्हाकुलाचे स्पर्शक बाहूंच्या चौथ्या जोडीपासून घडतात, तर हे तंतू दुसऱ्या जोडीच्या जागी आहेत. ग्रेस पिकफर्ड यांनी त्याच्यासाठी स्वतंत्र गण केला, आणि आज त्याचे नाते म्हाकुलापेक्षा ऑक्टोपसशी अधिक जवळचे मानले जाते.