केळीबागेतल्या नळ्या आणि आपलं पाऊल आपणच मापणारं गणित

रावेर-यावलकडच्या केळीबागेत ठिबकची सबमेन (झाडांच्या ओळींतल्या नळ्यांना पाणी पुरवणारी नळी) आखताना खर्च आणि दाब यांची ओढाताण असते. नळी जाड घेतली की पैसे वाढतात, बारीक घेतली की घर्षणाने दाब उतरतो आणि टोकाची झाडं तहानलेली राहतात. साध्या ड्रीपरचा प्रवाह साधारण दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणजे दाब २० टक्के घटला की पाणी सुमारे १०.५ टक्के घटतं. नळीचे २० तुकडे आणि प्रत्येकाला ६३, ७५, ९०, ११० मिमी असे चार पर्याय धरले, तर जुळण्या एक लाख कोटींच्या वर जातात. एकेक तपासणं शक्यच नाही.

अशा कामासाठी रायनर स्टॉर्न आणि केनेथ प्राइस यांनी १९९५ मध्ये मांडलेली डिफरन्शियल इव्होल्यूशन ही पद्धत चांगली चालते. सुरुवातीला समजा १०० आराखडे, म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या मापांच्या याद्या, सोडतीने बनवायचे. मग प्रत्येकासाठी इतर तीन उचलायचे आणि त्यांतल्या दोघांमधला फरक एका गुणकाने गुणून तिसऱ्यात मिळवायचा. एका तुकड्यासाठी तिघांचे आकडे ८०, ९५ आणि ७५ असतील आणि गुणक ०.५ असेल, तर ८० + ०.५ × २० = ९०. यातले किती आकडे नव्या आराखड्यात घ्यायचे आणि किती जुन्यातलेच ठेवायचे, हे संकर-दर ठरवतो. नवा आराखडा जुन्याइतका किंवा त्याहून चांगला निघाला, तर त्याची जागा घेतो. दाबाची अट पाळणारा आराखडा ती मोडणाऱ्यापेक्षा नेहमी सरस धरायचा.

इथे एक चूक फार होते: आकडे लगेच जवळच्या बाजारातल्या मापावर आणून साठवले जातात. मग बरेच फरक शून्य होतात आणि शोध जागीच थांबतो. मापावर आणायचं ते फक्त खर्च आणि दाब मोजताना. आत दशांशच ठेवायचे.

खरी अडचण गुणकाची. तो लहान असला की सगळे आराखडे लवकर एकाच ठिकाणी गोळा होतात, मोठा असला की भटकत राहतात. शिवाय सुरुवातीला लांब पाऊल, म्हणजे मापांत मोठा बदल, हवं असतं, शेवटी आखूड. म्हणून यानेझ ब्रेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये गुणक आणि संकर-दर प्रत्येक आराखड्याच्या अंगावरच ठेवले. दर पिढीत, म्हणजे सगळ्या आराखड्यांच्या एका फेरीत, १० टक्के शक्यतेने गुणक ०.१ ते १ मधून नव्याने निवडला जातो, तसाच संकर-दर ० ते १ मधून. ही निवड नवा आराखडा बनवण्याआधी करायची. नंतर केली, तर यशाचं श्रेय भलत्याच गुणकाला जातं.

पुढच्या पद्धती यशस्वी गुणकांची सरासरी काढून शिकतात. त्यातही एक सापळा आहे. आखूड पाऊल वारंवार यशस्वी होतं, पण मिळवतं थोडं. साधी सरासरी घेतली तर पावलं आखडतच जातात. म्हणून २००९ च्या जेड पद्धतीत वर्गांची बेरीज भागिले बेरीज घेतात: ०.२ आणि ०.८ ची साधी सरासरी ०.५, या रीतीने ०.६८.

सुधारणा खरंच झाली का, हे एका धावेवरून कळत नाही. जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतींना आराखड्यांच्या सारख्याच तपासण्या द्याव्यात, वेगवेगळ्या सोडतींनी किमान २५ धावा घ्याव्यात आणि मधलं मूल्य ताडून पाहावं.