ब्राझील : कृषी उत्पादन व निर्यात

ब्राझील हा दक्षिण अमेरिकेतील सर्वांत मोठा देश सोयाबीन, साखर, कॉफी, संत्र्याचा रस, गोमांस आणि कोंबडीचे मांस यांच्या निर्यातीत जगात पहिल्या क्रमांकावर आहे. २०२३ मध्ये त्याची कृषी निर्यात सुमारे १६६ अब्ज डॉलरची, म्हणजे देशाच्या एकूण निर्यातीच्या जवळपास निम्मी होती. हे वर्चस्व निसर्गाने दिले असे सर्रास म्हटले जाते, पण ते अर्धेच खरे आहे, कारण आज ज्या जमिनीवर ते उभे आहे तिचा मोठा भाग १९७० पूर्वी पिकाला नालायक समजला जाई.

पोर्तुगीज वसाहतकाळात अर्थकारण ईशान्येकडील उसावर आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर चालले. कॉफी १७२७ मध्ये आली आणि एकोणिसाव्या शतकात तिने उसाची जागा घेतली. १९२९ च्या मंदीनंतर भाव सावरण्यासाठी सरकारने १९३१ ते १९४४ या काळात सुमारे ७.८ कोटी गोणी कॉफी नष्ट केली. जुलै १९७५ च्या कडाक्याच्या हिमतुषारांनी पाराना राज्यातील कॉफीचे मळे करपले आणि पुढे तेथील बरीचशी जमीन सोयाबीन व गव्हाकडे वळली. कॉफीचे मुख्य केंद्र आता मिनास जेराइस राज्य आहे.

खरा पालट झाला तो सेराडो या सुमारे २० लाख चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती गवताळ-झुडपी पठारावर. पाऊस पुरेसा आणि जमीन सपाट, पण माती आम्लयुक्त, अ‍ॅल्युमिनियममुळे मुळांना मारक आणि स्फुरद (फॉस्फरस) या पोषक द्रव्याच्या बाबतीत अगदी दरिद्री होती. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या ‘एम्ब्रापा’ या सरकारी संशोधन संस्थेने हेक्टरी कित्येक टन चुनखडीची भुकटी मिसळून मातीचा सामू (पीएच) वाढवण्याची, म्हणजे आम्लता कमी करण्याची, आणि जोडीला स्फुरद देण्याची पद्धत रुळवली. अडचण बियाण्याचीही होती. सोयाबीन मूळचे समशीतोष्ण पट्ट्यातले असल्याने विषुववृत्ताजवळच्या लहान दिवसांत ते लवकर फुलावर येई आणि झाड खुजे राही. फुलोरा लांबवणारे वाण तयार झाल्यावरच पीक उत्तरेकडे सरकू शकले. नत्राचा (नायट्रोजनचा) प्रश्न हवेतील नत्र मुळांना मिळवून देणाऱ्या जिवाणूंनी सोडवला. नत्रखताऐवजी जिवाणूंवर भर देण्याच्या या धोरणावर ब्राझीलमधील मृदाशास्त्रज्ञ योहाना डोबेराइनर यांच्या संशोधनाचा मोठा प्रभाव होता आणि आजही तेथील शेतकरी सोयाबीनला नत्रखत जवळजवळ देत नाहीत, बियाण्याला जिवाणू संवर्धक लावतात.

महाराष्ट्राच्या जवळपास तिप्पट क्षेत्रफळाचे मातो ग्रोसो राज्य या बदलाचा गाभा आहे. तेथे जानेवारी-फेब्रुवारीत शेताच्या एका टोकाला कापणीयंत्र सोयाबीन काढत असते आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यात मागोमाग पेरणीयंत्र मका पेरत असते. एप्रिल-मेपर्यंत पाऊस आटोपतो, त्यामुळे एक आठवडा चुकला तरी मक्याच्या उताऱ्याला फटका बसतो. ‘साफ्रिन्या’, म्हणजे छोटा हंगाम, असे नाव पडलेले हे दुसरे पीकच आता देशाच्या मका उत्पादनाचा मोठा वाटा देते. नांगरट टाळून आधीच्या पिकाच्या अवशेषांतच पेरणी करण्याची पद्धतही इथे सर्वदूर आहे. देशात २०२२-२३ च्या हंगामात सोयाबीनचे उत्पादन १५ कोटी टनांवर गेले आणि २०२३ मध्ये सुमारे १० कोटी टन निर्यात झाले. त्यातील बहुतांश माल चीनने घेतला.

उसाचे केंद्र साओ पाउलो राज्य आहे. तेलसंकटानंतर नोव्हेंबर १९७५ मध्ये उसाचे इथेनॉल इंधन म्हणून वापरण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि २००३ पासून पेट्रोल-इथेनॉलच्या कोणत्याही प्रमाणातील मिश्रणावर चालणाऱ्या मोटारी बाजारात आल्या. परिणामी तेथील कारखाने भावाकडे पाहून रस साखरेकडे वळवायचा की इथेनॉलकडे, हे ठरवतात आणि त्यांच्या या निर्णयाने जागतिक साखरेचा दर हलतो. मुख्य पट्ट्यातील गाळप एप्रिलच्या सुमारास, म्हणजे महाराष्ट्रातील हंगाम संपत येतो तेव्हा सुरू होते. भारताच्या ऊसदर व निर्यात साहाय्याविरुद्ध ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल भारताविरुद्ध गेला आणि भारताने त्यावर अपील केले.

पशुपालनाचा धागा भारताशी जुना आहे. ब्राझीलच्या मांसोत्पादक कळपांत प्रमुख असलेली नेलोरे जात आंध्रच्या ओंगोल गुरांपासून आली, तर दुधासाठी गुजरातच्या गीर वंशाचा मोठा वापर होतो. उष्णता आणि गोचीड सोसण्याच्या गुणामुळे ही वशिंडाची जनावरे तिथे टिकली.

शेतापर्यंत जिंकलेली ही बाजी बंदराच्या वाटेवर मात्र रेंगाळते. मातो ग्रोसोतील धान्याला सांतोस बंदर गाठण्यासाठी सुमारे दोन हजार किलोमीटर प्रवास करावा लागतो आणि त्यातला बराच माल ट्रकने जातो. साठवणूक अपुरी असल्याने भरघोस वर्षी मक्याचे ढीग उघड्यावर पडतात. उत्तरेकडे तापाजोस नदीवरील मिरितितुबा बंदरापर्यंत जाणाऱ्या बीआर-१६३ महामार्गाचे डांबरीकरण २०२० मध्ये पूर्ण झाल्यावर बार्जने अ‍ॅमेझॉनमार्गे माल नेणे सुकर झाले, पण त्याच रस्त्याने जंगलतोडीलाही वाट दिली. अ‍ॅमेझॉनमधील नव्याने तोडलेल्या जमिनीवरचे सोयाबीन न घेण्याचा करार व्यापाऱ्यांनी २००६ मध्ये केला. त्यात सेराडोचा समावेश नव्हता, आणि तेथील मूळ वनस्पतीपैकी जवळपास निम्मी नष्ट झाली आहे.

एवढे उत्पादन असूनही देश गहू मुख्यतः अर्जेंटिनाकडून घेतो आणि रासायनिक खतांपैकी सुमारे ८५ टक्के आयात करतो, त्यात पालाश (पोटॅश) तर जवळजवळ पूर्णच. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू होताच रशियाकडून येणाऱ्या खताची चिंता राजधानी ब्राझिलियात आधी उमटली, ती यामुळेच.